तुम्ही त्यांचा सातवा गठ्ठा झाला आहात

पत्र:

"मी जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. वय 41, नोकरी 16 वर्षं. आमच्या आस्थापना शाखेत मंजूर पदं पाच, भरलेली तीन. वेतन देयकं आणि अर्थसंकल्प माझ्याकडे. शेजारच्या टेबलावर एक दादा आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सेवापुस्तकं, निवृत्तिवेतन प्रकरणं आणि वैद्यकीय देयकं त्यांच्याकडे. ते येतात, अंगठा लावतात, चहाला जातात, मग संघटनेच्या कामाला. दुपारी 'ताई, तेवढं जरा बघून घ्या, तुमचा हात बसलाय' म्हणत फाइल माझ्या टेबलावर ठेवतात. शाखेतला तिसरा कर्मचारी एक तरुण मुलगा, दोन वर्षांपूर्वी अनुकंपावर लागला. त्याला सेवार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) जमत नाही, म्हणून त्याच्याही नोंदी मीच करते. घरी पोहोचायला रोज आठ वाजतात.

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिपायाची बायको तिसऱ्यांदा आली. नवऱ्याला पक्षाघात झालाय. त्यांचं पेन्शन प्रकरण दादांच्या कपाटात होतं (त्या कपाटाची एक किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते). मला राहवलं नाही. शनिवारी येऊन मी सगळे नमुने भरले, सोमवारी सही घेऊन पाठवलं. प्रकरण आक्षेप लागून परत आलं, कारण सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती पडताळणी पथकाकडून तपासून आणलेलीच नव्हती. अक्षर माझं, म्हणून अधीक्षकांनी खुलासा मला मागितला. दादा बाजूला उभे राहून म्हणाले, 'घाईत होतं असं कधीकधी.'

त्यांना बोलू कशी? दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तेच गाडी घेऊन आले होते. काम सोडून द्यावं तर ती बाई डोळ्यांसमोर येते. सासूबाई म्हणतात, सरकारी नोकरीत कसला आलाय एवढा ताण. मी काय करू?"

— एक ताई

ताई,

सहा गठ्ठे पद्धत तुम्हाला मी काय शिकवणार! पण हे सदर सरकारी कचेरीबाहेरची माणसंही वाचतात, म्हणून दोन ओळी. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत बांधायचे अशी आपल्याकडची शिस्त आहे. ज्यावर आज काही करायचंय तो एक गठ्ठा, ज्याच्या उत्तराची वाट पाहतोय तो दुसरा, मग नियतकालिकं (म्हणजे ठरलेल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे कागद, आणि शेवटी रद्दीच्या वाटेवरचे 'ड' कागद. टेबलावर आलेला प्रत्येक कागद या सहांपैकी कुठेतरी बसलाच पाहिजे.

तुमच्या दादांनी सातवा गठ्ठा शोधून काढलाय. ज्या कागदाचा कंटाळा येतो तो ताईंकडे. कुठल्याही परिपत्रकात हा गठ्ठा नाही, त्याची नोंदवही नाही, त्याची तपासणी होत नाही, आणि म्हणूनच तो त्यांना सगळ्यात सोयीचा आहे.

त्यांना मी लबाड म्हणत नाही. एवढा विचारही त्यांनी केला नसेल. पाणी उताराकडे जातं आणि त्या खोलीत उतार तुमच्या टेबलाकडे आहे. पहिल्यांदा त्यांनी फाइल ठेवली तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पूर्ण होऊन परत गेली. दुसऱ्यांदाही गेली. अधीक्षकांच्या बाजूने पाहिलं तर दादांच्या टेबलाचं काम वेळेत होतंय, तक्रार नाही, स्मरणपत्र नाही. गोपनीय अहवाल लिहिताना ते दादांना काय शेरा देत असतील? चांगलाच देत असतील. तो तुम्ही रोज संध्याकाळी थांबून कमावून दिलेला असतो.

आता तुमच्या शनिवारबद्दल. त्या बाईसाठी तुम्ही तळमळलात यात काहीच चूक नाही. तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच गोष्ट सर्वात जास्त आवडली. घोळ पुढे झाला. निवृत्तिवेतनाचं प्रकरण नमुने भरून होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आधी सेवापुस्तक वाचावं लागतं. वर्षावर्षाच्या सेवा पडताळणीच्या नोंदी, वेतनवाढी, रजेचा हिशेब, पडताळणी पथकाचा शिक्का, हे सगळं पान उलटत पाहावं लागतं. त्या पुस्तकाची कुंडली ज्याच्या टेबलावर ते दहा वर्षं आहे त्याला ठाऊक, तुम्हाला नाही. तुम्ही एका सुट्टीच्या दिवशी, एकटीने, मायेपोटी दुसऱ्याचं काम केलंत, आणि त्यावर 'हे मी का करते आहे' असा एक शब्द कुठे लिहिला नाहीत. मग कागदावर उरलं काय, तर फक्त तुमचं अक्षर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच होते. संन्यासी स्वतःच्या पायाने फाशीपर्यंत चालत आलेला असतो.

एक माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आजही थोडी लाज वाटते, कारण तिच्यातली दादा मी आहे.

मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. मुलगा दीड वर्षाचा. साडेपाच झाले की माझं लक्ष घड्याळात. माझ्याकडे एक मासिक विवरणपत्र होतं, दर महिन्याच्या 5 तारखेला वरच्या कार्यालयाला जायचं. आडवे 14 रकाने, खाली सगळ्या उपकार्यालयांचे आकडे, शेवटी गोषवारा, मध्ये कार्बन घालून तीन प्रती. शेजारी एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. पहिल्याच महिन्यात माझी बेरीज जुळेना, तेव्हा त्यांनी कागद ओढून घेतला आणि दहा मिनिटांत करून दिला. पुढच्या महिन्यात मी तो त्यांच्याकडे सरकवला. त्यानंतर सरकवावाही लागला नाही, माझ्या ट्रेमधून त्या स्वतःच उचलायच्या. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. खरं सांगू का ताई, त्या दोन वर्षांत एकदाही मला वाटलं नाही की मी माझं काम दुसऱ्यावर टाकतेय. मला वाटायचं, बाईंना आवडतं ते काम.

एके दिवशी 3 तारखेला सकाळी माझ्या टेबलावर तो कोरा नमुना, मागच्या महिन्याची स्थळप्रत (कार्यालयात ठेवलेली प्रत) आणि वर चिठ्ठी: 'हे तुझं आहे. अडलं तर विचार, मी शेजारीच आहे.' मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. विवरणपत्र उशिरा गेलं, त्यातही दोन आकडे इकडचे तिकडे झाले, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. बाई खाली मान घालून आपलं काम करत होत्या. मला तेव्हा वाटलं, किती खडूस. पुढच्या महिन्यात मी विचारायला गेले, तेव्हा त्यांनी खुर्ची सरकवून जागा केली आणि उभ्या बेरजेआधी आडवी कशी पडताळायची ते दाखवलं. एका दुपारचं काम होतं ते. दोन वर्षं मी ती दुपार टाळली होती, आणि त्यांनीही.

तुमच्या खोलीतली दोन माणसं एका मापाने मोजू नका. अनुकंपावरचा मुलगा म्हणजे तेव्हाची मी. घरातला कर्ता माणूस गेल्यावर तो त्या खुर्चीत येऊन बसलाय, त्याला कोणी काही शिकवलेलं नाही, आणि 'जमत नाही' म्हटलं की ताई करून टाकतात हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलंय. त्याच्यासाठी चिठ्ठीचा उपाय पुरे. एक दुपार ठरवा, पगार बिलाच्या धावपळीतली नको, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. माऊस त्याच्या हातात द्या, तुमचे हात मांडीवर ठेवा. तो चुकीच्या जागी क्लिक करेल, करू दे. कोषागारातून एखादं बिल आक्षेप लागून परत येईल, येऊ दे. आणि एक गोष्ट आजपासूनच बंद करा. त्याच्या लॉगिनने, त्याच्या पासवर्डने तुम्ही नोंदी करत असाल तर तो शनिवारच्या फाइलपेक्षा मोठा धोका आहे. तिथे तर तुमचं अक्षरसुद्धा राहत नाही. चूक झाली तर अडकणार तो, आणि तुम्हाला रात्री झोप येणार नाही.

दादांचं वेगळं आहे. त्यांना येतं. तुमच्यापेक्षा जास्त येतं.

त्यांच्याशी एकदा बोला, पण खोलीत सगळे असताना नको, कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. सकाळी, चहाला जायच्या आधी. आवाज चढवू नका, आणि गेल्या पाच वर्षांचा हिशेबही काढू नका. तो निघाला की माणूस फक्त बचाव करतो. एवढंच म्हणा (कार्यविवरण नोंदवही म्हणजे कोणाच्या टेबलावर कोणता कागद कधी आला याची वही): 'दादा, हे तुमच्या कार्यविवरण नोंदवहीला चढलंय. मी हात लावला की तारीख तुमची आणि अक्षर माझं असं होतं. परवा झालं तेवढं पुरे. तुम्ही तयार करा, कुठे अडलं तर मी बघते.' ते हसतील. म्हणतील, 'अहो ताई, एवढं काय मनावर घेता!' तुम्हीही हसा आणि फाइल उचलून त्यांच्या टेबलावर ठेवा. हसत हसत, पण ठेवा. हातात राहिली तर बोललेलं सगळं वाया.

त्याच आठवड्यात अधीक्षकांकडे एक टिपणी द्या. तक्रार नव्हे, दादांचं नावही नको. शाखेत मंजूर पदं पाच, भरलेली तीन. रिक्त दोन पदांचं काम सध्या कोणाकडे आहे याचे लेखी आदेश नाहीत. तरी विषयवार कार्यवाटपाचा आदेश निर्गमित व्हावा, ही विनंती. अर्ध्या पानाची टिपणी. आवक नोंदवहीत चढवून द्या, प्रत जवळ ठेवा. अधीक्षक बहुधा म्हणतील, 'ताई, घ्या हो सांभाळून, घरचंच आहे.' त्यावर तुमचं उत्तर: 'सांभाळते ना सर, आदेशात लिहून द्या.' यात उद्धटपणा काहीच नाही. अतिरिक्त काम करायला तुम्ही नाही म्हणत नाही आहात, ते काम तुमचं म्हणून मोजलं जावं एवढंच म्हणताय.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे, आणि तो सगळ्यांना बदल्यांपुरताच आठवतो. 2005 चा तो बदल्यांचा अधिनियम, त्याच्या नावाचा उत्तरार्ध बघा: 'शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध'. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची चार दिवसांत, तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, असं त्यात लिहिलंय. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची तरतूद आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यातही असंच एक कलम आहे. जन माहिती अधिकाऱ्याने एखाद्या कर्मचाऱ्याची मदत मागितली, की उशिराच्या जबाबदारीपुरता तो कर्मचारीच माहिती अधिकारी समजला जातो, आणि दंड दिवसाला 250 रुपये, वर 25,000 पर्यंत. म्हणजे ज्याच्या कपाटात कागद आहे, जबाबदारी त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची वाट कायद्याने करून ठेवलेली आहे. मधे तुम्ही उभ्या राहता म्हणून ती तिथवर जात नाही. ही कलमं दादांच्या तोंडावर फेकू नका. तुमच्या मनातली अपराधी भावना कमी व्हावी म्हणून सांगितली.

सगळ्यात अवघड प्रश्न त्या बाईचा. ती चौथ्यांदा आली तर? फाइल करू नका, पण 'दादा नाहीत, उद्या या' असंही म्हणू नका. उठा, तिला बरोबर घेऊन दादांच्या टेबलापाशी जा. असतील तर म्हणा, 'दादा, या ताई आल्यात, यांना काय सांगायचं?' आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच थांबा. नसतील तर तिला अधीक्षकांच्या खोलीत न्या. सहा वाजता तुम्ही एकटीने फाइल उघडण्यापेक्षा याने तिचं काम लवकर होईल, असा माझा अनुभव आहे. समोर बसलेल्या माणसाला नकार देणं कपाटातल्या फाइलला नकार देण्याइतकं सोपं नसतं. शिवाय निवृत्तिवेतनाला प्रशासकीय कारणाने उशीर झाला की व्याजाचा आणि मग जबाबदारी कोणाची हा प्रश्न निघतो, हे अधीक्षकांना तुमच्याआधी सुचेल.

रात्री दोनच्या गाडीचं ओझं तुमच्या पत्रात मला ओळीओळीत दिसलं. ते आले, हे खरंच मोठं होतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांना लबाड म्हणत नाही असं मी वर लिहिलं. पण त्या रात्रीची परतफेड वैद्यकीय देयकांनी होत नसते. त्यांच्या घरी काही अडलं तर तुम्ही रात्री दोनला जाल, नाही का? मग ती फेड तिथे. रोज दुपारी हप्ते कशाला भरायचे? त्यांनी तर मागितलेलेही नाहीत.

थोडं कडू बोलते. 'ताईंशिवाय ऑफिसचं पान हलत नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, आणि ऐकून बरंही वाटलं असेल. मलाही वाटायचं, पुढे मी अधीक्षक झाले तेव्हा. या वाक्याची किंमत आपण रोज दीड तास अशी देतो. आणि एक नुकसान तर कोणाच्या लक्षातच येत नाही: तुमच्या संध्याकाळी त्या दोन रिक्त पदांवर पांघरूण घालतात. तीन माणसांत पाचांचं काम वेळेत निघतंय म्हटल्यावर वरचे लोक भरतीच्या प्रस्तावात तुमची शाखा वर कशाला धरतील?

हे सगळं केल्यावर काय होईल ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे दचकणार नाही. दोन-तीन महिने वाईट जातील. डब्याच्या वेळी गप्पा थांबतील. 'ताई आता नियमाने वागायला लागल्या बरं का' असा टोमणा येईल. दादांच्या टेबलावर गठ्ठा साचेल, आणि तो पाहून तुमचे हात शिवशिवतील. एखादं वैद्यकीय देयक रखडेल आणि तो कर्मचारी नेमका तुमच्या ओळखीचा निघेल. त्या वेळी मागे फिरलात तर पुढच्या खेपेला कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मार्च महिन्यात हे सुरू करू नका. मार्चमध्ये कोणालाच काही शिकवता येत नाही. 1 जुलैच्या वेतनवाढीच्या नोंदी सेवापुस्तकात घ्यायची वेळ त्यातल्या त्यात बरी. ते काम निर्विवाद दादांचं आहे, ढीगभर आहे, आणि चार दिवस उशीर झाला तर कोणाची चूल बंद पडत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एकदा रात्री आठला स्टॉपवर घ्यायला बोलवा.

राहिला खुलासा. तो सगळ्याच्या आधी, या आठवड्यात. 'घाईत झालं, क्षमस्व' असं लिहू नका, दादांची गाऱ्हाणीही नकोत. चार वाक्यं पुरेत: सदर विषय माझ्या कार्यवाटपात नाही, अर्जदार वारंवार येत असल्याने व संबंधित कर्मचारी उपलब्ध नसल्याने मी मौखिक विनंतीवरून प्रकरण तयार केले, सेवापुस्तकाच्या पडताळणीची बाब माझ्या अभिलेखात नव्हती, यापुढे लेखी आदेशाशिवाय अन्य संकलनाचे (म्हणजे दुसऱ्या टेबलाचे) प्रकरण हाताळणार नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. संतापाच्या भरात नव्हे, शांतपणे, कागदावर आणि तारखेसह दिलेला तो तुमचा पहिला नकार असेल.

आणि ती किल्ली. तुम्ही ती कंसात लिहिलीत, जणू उगाच आठवली म्हणून. सोमवारी पावणेदहाला पोहोचलात की पर्स ठेवायच्या आधी ती ड्रॉवरमधून काढा, दादांच्या टेबलावर काचेखाली ठेवू नका, हातात द्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणा, 'तुमचं कपाट आहे, दादा.'